जाजरकोटच्या शाळेचे पैसे शाळेलाच मिळाले पाहिजेत

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या वसाहतीचे रहिवासी मंडळ, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, आयत्या वेळच्या विषयांत, आपण एक ठराव मंजूर करून घेतला. नेपाळमधल्या जाजरकोट जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेसाठी मंडळाने जमवलेला निधी मंडळाच्या सभागृहाच्या बांधकामाकडे वळवायचा, आणि त्या शाळेला तीन वर्षं मदत करण्याची जी घोषणा आपण केली होती ती रद्द समजायची, असा तो ठराव. तोवर निम्मी सभा उठून गेली होती. मी बसले होते. मी विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या म्हणाले. तो नोंदवला गेला नाही. पुढे लेखी अर्ज दिला, त्यालाही उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते आहे. निधी देणाऱ्यांतले बरेच जण मंडळाचे सभासदच नाहीत. त्यांना सभेला यायचा अधिकार नव्हता, आणि त्यांच्या पैशांचं काय ठरलं हे त्यांना आजही ठाऊक नाही. त्यांना ते कळलं पाहिजे.

एक गोष्ट आधीच सांगते. पैशाला कुणी हात लावलाय असा माझा आरोप नाही. रक्कम मंडळाच्या खात्यात जशीच्या तशी आहे आणि कार्यकारिणीतली बहुतेक माणसं माझ्या ओळखीची, चांगली माणसं आहेत. सभागृहालाही माझा विरोध नाही. मुलींची लग्नं, बारशी, ज्येष्ठांचे कार्यक्रम, सगळ्यांना जागा हवीच आहे. माझा विरोध आहे तो एका नावाने मागितलेले पैसे दुसरीकडे वापरायला, आणि ज्या शाळेला शब्द दिला तिला साधं कळवण्याचीही गरज न वाटण्याला.

हा निधी का जमला, हे नव्या रहिवाशांना माहीत नसेल. आपल्या वसाहतीचे रखवालदार जाजरकोटचे. ३ नोव्हेंबर २०२३ च्या शुक्रवारी रात्री पावणेबाराच्या सुमारास पश्चिम नेपाळात भूकंप झाला. केंद्र त्यांच्याच जिल्ह्यात होतं. जाजरकोट आणि शेजारचा रुकुम पश्चिम या दोन जिल्ह्यांत मिळून दीडशेहून अधिक माणसं गेली, त्यांत जवळजवळ निम्मी लहान मुलं. नेपाळच्या राष्ट्रीय भूकंपमापन केंद्राने तीव्रता ६.४ नोंदवली. एवढ्या धक्क्याने इतकी माणसं जायला नकोत. पण घरं दगडमातीची होती, रात्रीची वेळ होती आणि सगळे झोपेत होते. रखवालदार दादा त्या पहाटे गेटपाशी फोन कानाला लावून उभे होते आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं, हे आपल्यातल्या फिरायला जाणाऱ्या अनेकांनी पाहिलं आहे. त्यांच्या भावाचं घर पडलं, माणसं वाचली. गावातल्या प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या बसल्या आणि उरलेल्या दोन अशा फाटल्या की आत मुलं बसवायला कुणी धजावेना.

सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं पडली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथेही माणसांना मारलं ते भिंतींनी. गोल, ओबडधोबड दगड मातीत बसवून केलेली दोन-दोन हात जाडीची भिंत, वर मातीचं जड माळवद. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आडवे दगड नाहीत, दारं-खिडक्यांच्या वरून चारी बाजूंनी फिरणारा पट्टा नाही. जमीन हलली की दोन्ही थर सुटे होतात आणि माळवद खाली येतं. जखमी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलला आणले जात होते. मी तेव्हा तरुण होते. आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर भाकऱ्या थापून, चटणी बांधून देत होते. पुढे किल्लारीच्या पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचं कर्ज आलं, कुठल्या कुठल्या देशांतल्या संस्था आल्या, गावं नव्याने वसली, शाळा उभ्या राहिल्या. लातूर आणि उस्मानाबादची मुलं आपली कोण लागतात, असं म्हणून त्या लोकांनी हात आखडता घेतला नाही.

नेपाळात शाळांना शनिवारी सुट्टी असते. २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप दुपारी बाराच्या सुमारास झाला, पण वार शनिवार होता. हजारो शाळा कोसळल्या आणि मुलं बाहेर होती म्हणून वाचली. जाजरकोटचा भूकंप रात्री झाला, तेव्हाही वर्ग रिकामेच होते. दोन्ही वेळा नशीब होतं. शाळेच्या भिंती सुट्टीच्या भरवशावर उभ्या ठेवता येत नाहीत.

त्या शाळेची आजची परिस्थिती अशी. बांबू आणि पत्र्यांची तात्पुरती शेड आहे, मध्ये फळ्यांचा आडोसा घालून वर्ग केले आहेत. पहिली ते पाचवी आणि खाली बालवर्ग. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज होतो की बाईंचं बोलणं मागच्या मुलांना ऐकू येत नाही, मग त्या फळ्यावर लिहितात आणि मुलं वाचतात. थंडीत सकाळची शाळा उन्हात, बाहेर भरते. पक्की इमारत बांधणं हे सरकारचं काम आहे, ते आपल्या आवाक्यातलं नाही आणि आपण तसं कधी म्हटलंही नव्हतं. आपण एक छोटं, नेमकं काम उचललं होतं : एका शिक्षिकेचा पगार.

याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सभेत "मास्तरांचा पगार तिथलं सरकार देईल की" असं एका सदस्याने म्हटलं आणि कुणी ते खोडलं नाही. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने शालेय शिक्षण गाउँपालिका, म्हणजे खेड्यांच्या पालिका, आणि नगरपालिका यांच्याकडे दिलं. आठवीपर्यंतचं शिक्षण तिथे कायद्याने सक्तीचं आणि मोफत आहे. पण मंजूर पदं, ज्याला ते दरबन्दी म्हणतात, मुलांच्या आणि वर्गांच्या मानाने अपुरी असतात. त्यामुळे डोंगरातल्या कितीतरी सरकारी शाळा स्वतः पैसे उभे करून एखादा शिक्षक ठेवतात. त्याला निजी स्रोताचा शिक्षक म्हणतात. पालक थोडं थोडं देतात, कुणी धान्य देतो, परदेशात कामाला गेलेला एखादा मुलगा काही पाठवतो. या शाळेतही तशीच एक शिक्षिका आहे. भूकंपानंतर पालकांकडे देण्यासारखं काहीच उरलं नाही. पहिल्या हिवाळ्यात ताडपत्र्यांखाली थंडीने माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या, तिथे शाळेची वर्गणी कोण देणार? ती बाई शाळा सोडून गेली तर दोन शिक्षकांवर सहा वर्ग, असा हिशेब होता.

दोन शिक्षकांवर सहा वर्ग म्हणजे काय, हे मला माहीत आहे. मी २००१ साली मंगळवेढा तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवर निमशिक्षिका म्हणून लागले. महिना हजार रुपये मानधन, तेही तीन-तीन महिन्यांनी हातात पडायचं. शाळा एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत भरायची. पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावायची, तोवर चौथीच्या मुलांचा भागाकार सुटायचा, तो तपासायला वळावं तर पहिलीतलं एखादं पोर उठून बांधावर गेलेलं असायचं. मानधन थांबलं की पहिला विचार मनात येतो तो शाळा सोडण्याचा, आणि तो कुणालाच सांगता येत नाही. आमचं नियमित होणं २०१४ साली झालं. तोवर माझ्याबरोबरच्या कितीतरी चांगल्या बाया सोडून गेल्या. त्यांच्या वस्तीवरच्या मुलींची शाळा तिथेच संपली, कारण पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर होती. त्यामुळे जाजरकोटच्या त्या शिक्षिकेचा पगार माझ्यासाठी दूरच्या देशातली गोष्ट नाही. तुम्हाला तसं वाटावं असा माझा आग्रह नाही. पण मी या विषयात गप्प का बसत नाही, हे तुम्हाला कळावं.

पगार किती? महिना १० हजार नेपाळी रुपये. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, म्हणजे आपले ६ हजार २५० रुपये. वर्षाचे ७५ हजार. पहिलं वर्ष आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून, प्रत्येकाने आपापल्या बँक खात्यातून पाठवलं. रिझर्व्ह बँकेची भारतातून नेपाळला पैसे पाठवण्याची योजना २००८ पासून आहे. आता एका वेळी २ लाख रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. बँकेत जायचं, ओळखपत्र द्यायचं, समोरच्याचं खातं लिहायचं. पैसे थेट त्या शिक्षिकेच्या खात्यात जात होते आणि मुख्याध्यापक दर महिन्याला हजेरीपटाचा फोटो पाठवत होते. दसैंला, म्हणजे त्यांच्याकडच्या दसऱ्याला, गावी जाताना रखवालदार दादांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सोलापुरी चादरी नेल्या. इथल्या एका कारखानदाराने त्या मोफत दिल्या होत्या. बालवर्गाची मुलं त्या चादरींवर बसलेली आहेत, असा फोटो आपल्या मंडळाच्या फलकावर कितीतरी दिवस होता.

तो फोटो पाहूनच मंडळाने हे काम हाती घेतलं. २६ जानेवारी २०२५ ला झेंडावंदनानंतर अध्यक्षांनी स्वतः जाहीर केलं की मंडळ ही शाळा तीन वर्षांसाठी घेत आहे. टाळ्या वाजल्या. पावतीपुस्तकं छापली गेली, प्रत्येक पावतीवर "जाजरकोट प्राथमिक शाळा सहाय्य निधी" असं ठळक छापलं. ती पावतीपुस्तकं घेऊन आम्ही फिरलो. पूर्व भागात, अशोक चौकात, साखर पेठेत, जुळे सोलापुरात. सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम जमली. त्यात टॉवेल कारखानदारांचे मोठे आकडे आहेत आणि निवृत्तिवेतनधारकांचे हजार-हजार आहेत. आणि कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतून आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी आणि त्यांच्या शेजारणींनी दिलेले शंभर-पन्नास आहेत. हजार विड्या वळल्या की मजुरी ठरते, त्या मजुरीतले ते पैसे. पावती घेताना मावशींनी विचारलं, "बाई, हे पोरांपर्यंत जाईल ना?" मी हो म्हणाले. मंडळाच्या शब्दावर म्हणाले.

त्या निधीतून आजवर एक रुपयाही नेपाळला गेलेला नाही.

आता आपण दिलेली कारणं घेते.

कायद्याचं कारण सगळ्यात वजनदार आहे, म्हणून आधी तेच. सनदी लेखापालांनी सांगितलं की करसवलत असलेल्या धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केला तर, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश असल्याशिवाय, त्या रकमेवर सवलत मिळत नाही. हे खरं आहे, मी ते वाचलं, विचारून घेतलं. पण हा नियम आपण पावत्या छापल्या तेव्हाही होता. तेव्हाच विचारलं असतं तर निधी मंडळाच्या खात्यात न घेता पहिल्या वर्षीसारखा देणगीदारांनी थेट पाठवला असता. शिवाय नियमाला वाट आहे. त्या आदेशासाठी अर्ज करता येतो. किंवा पैसे देणगीदारांना परत करता येतात, म्हणजे ज्याला पाठवायचे तो आपल्या खात्यातून पाठवील. यातलं काहीच न करता पैसे सभागृहाला जोडायचे, हे लेखापालांनी सांगितलेलं नाही. उलट विशिष्ट कामासाठी गोळा केलेल्या निधीचा उद्देश बदलणं हे कार्यकारिणीच्या किंवा सभेच्या हातात नसतं. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाची रीतसर वाट आहे आणि ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून जाते. बाहेर पैसे पाठवताना कायदा काटेकोर पाळायचा आणि सभागृहासाठी वळवताना तो पाहायचाच नाही, असं चालणार नाही.

दुसरं कारण सीना नदीच्या पुराचं. सप्टेंबरात करमाळा, माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर इथल्या गावांत पाणी शिरलं. घरं, जनावरं, उभी पिकं गेली, जिल्हा परिषदेच्या शाळांतली दप्तरं आणि पुस्तकं भिजून लगदा झाली. "आधी आपल्या पोरांचं बघा" हे वाक्य सभेत सगळ्यात जास्त टाळ्या घेऊन गेलं. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आहे, हे वाक्य मला टोचतं आणि पटतंही. पूरग्रस्त शाळांसाठी मंडळाने वेगळी पावती छापावी, मी उद्यापासून दारोदार फिरेन. पण ठराव काढून वाचा. त्यात पूरग्रस्त शाळांचा उल्लेख नाही. पैसे सभागृहाच्या फरशीला आणि छताला जाणार आहेत. सीनाकाठच्या मुलांचं नाव घ्यायचं आणि त्यांनाही काही द्यायचं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पुराने वेढलेल्या गावातल्या आईला पुढे करून भूकंपात शाळा गेलेल्या आईचं काढून घेतलं, आणि मिळालं मात्र दोघींनाही काही नाही.

तिसरं, नेपाळातली अस्थिरता. ८ आणि ९ सप्टेंबरला काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं मेली, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्या नेतृत्वाखाली अंतरिम सरकार आलं. यामुळे पैसे पाठवणं धोक्याचं, असं सांगितलं गेलं. जाजरकोट काठमांडूपासून फार लांब, भेरी नदीच्या खोऱ्यात आहे. शाळा सुरू आहे, मुख्याध्यापकांचे फोटो येत आहेत, शिक्षिकेचं बँक खातं चालू आहे. सप्टेंबरातलं कारण दाखवून फेब्रुवारी ते ऑगस्ट काहीच न पाठवल्याचं उत्तर मिळत नाही.

आणि एक वाक्य असं बोललं गेलं ज्याला कारण म्हणता येणार नाही, पण ते मी विसरू शकत नाही. "ही माणसं इथे येतात, कमावतात, एवढं पुरे झालं." रखवालदार दादा त्या वेळी बाहेर, दाराशी चपलांजवळ उभे होते. त्यांना मराठी चांगलं समजतं.

ते इथे येतात ते १९५० च्या भारत-नेपाळ कराराने दिलेल्या हक्काने येतात. जाजरकोटहून सुर्खेत, तिथून नेपाळगंज, सीमा ओलांडून रुपैडिहा, मग लखनौ, आणि तिथून गाड्या बदलत सोलापूर. आपण झोपतो तेव्हा ते जागे असतात. त्यांच्या गावातले तरुण पुरुष बहुतेक असेच बाहेर आहेत, म्हणून तिथल्या शाळेची मुलं आजी-आजोबांकडे किंवा एकट्या आईकडे वाढतात आणि घरी गृहपाठ घ्यायला कुणी नसतं. त्या मुलांना शाळेतल्या बाईच काय तो आधार. पोट भरायला दुसऱ्या मुलखात जाणं सोलापूरला नवं आहे का? पूर्व भागातल्या कितीतरी घरांचे पूर्वज तेलंगणातून माग घेऊन इथे आले. गिरण्या बंद पडल्यावर आपली मुलं पुण्याला, भिवंडीला गेली. इथे आलेल्या विणकरांनी आपल्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या त्या वर्गणीवरच.

या शहराने परक्या मुलखासाठी याआधी काय केलं आहे, हे मंडळाला मी सांगायला नको. १९३८ साली चीनसाठी देशभर निधी जमला, पाच डॉक्टरांचं पथक गेलं आणि त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. आपल्या वाचनालयात त्यांची तसबीर आहे. डिसेंबर २०२० मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा अभिनंदनाचा फलक चौकात लावला तो आपल्याच मंडळाने. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, आणि ते सगळे परदेशातले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने घोषणेच्या त्याच दिवशी घेतलेला तो निर्णय होता. तेव्हा "आधी आपल्या पोरांचं" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आपल्या सगळ्यांची छाती अभिमानाने भरून आली होती.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की शाळेला कुणी काही कळवलेलं नाही. मंडळ तीन वर्षांचा पगार देणार, हे अध्यक्षांनीच फोनवर मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. त्यांचं नवं शैक्षणिक वर्ष एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात सुरू होतं. त्या शब्दावर त्यांनी शिक्षिकेला थांबवून घेतलं. दसैं आला, गेला. तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, तोही गेला. पगार आला नाही. ती अजून शिकवते आहे. पहिल्या वर्षीच्या आमच्यापैकी काही जणांनी मिळून थोडी रक्कम पाठवली, पण ती निम्म्या पगारालाही पुरत नाही. मुख्याध्यापक मला हिंदीत विचारतात, "मंडलवालों की कुछ अड़चन है क्या?" त्यांच्या आवाजात तक्रार नसते. त्यांना आपली काळजी वाटते. आधी मदत मिळालीच नसती तर शाळेने दुसरी काही तजवीज केली असती, निदान खोट्या आशेवर एका गरीब बाईचं वर्ष गेलं नसतं.

तेव्हा मागण्या. अवघड एकही नाही.

ठरावाची अंमलबजावणी आजच थांबवा. सभागृहाच्या कंत्राटदाराला या निधीतून एकही धनादेश देऊ नका. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, विषयपत्रिकेत हा विषय पहिला आणि स्पष्ट शब्दांत लिहा, आणि पावती असलेल्या प्रत्येक देणगीदाराला, तो सभासद असो वा नसो, बोलायला बोलवा. कुंभारीच्या मावशींनाही. सभा रविवारी ठेवा, त्यांचा एक दिवसाचा रोज बुडायला नको.

जमलेली रक्कम, व्याज आणि खर्च यांचा हिशेब मंडळाच्या फलकावर लावा. पावतीपुस्तकांचे अनुक्रमांकही त्यात असू द्या.

त्यानंतर दोनपैकी एक करा. प्रत्यक्ष कर मंडळाकडे परवानगीचा अर्ज करा आणि त्याची पोच सगळ्यांना दाखवा. किंवा सगळी रक्कम देणगीदारांना परत द्या. माझं मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. अर्जाला किती वेळ लागेल सांगता येत नाही आणि त्या बाईंना पगार आत्ता हवा आहे. परत मिळालेले पैसे पाठवायचे की स्वतःकडे ठेवायचे, हा प्रत्येकाचा प्रश्न. ज्यांना पाठवायचे आहेत त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन अर्ज भरून द्यायला आम्ही तयार आहोत. हजेरीपट, पगाराची नोंद, मुलांची संख्या, सगळं दर महिन्याला फलकावर लावू, कुणाला शंका असेल तर मुख्याध्यापकांशी फोनवर बोलून घ्यावं.

शाळेला एक पत्र लिहा. अध्यक्षांच्या सहीचं, हिंदीत. पैसे का आले नाहीत, पुढे काय ठरलं, कधी कळेल. ते पत्र आठ दिवसांत जायला हवं, बाकी सगळ्याच्या आधी. मसुदा मी लिहून देते, आपण दुरुस्त करा.

आणि सभेत बोलल्या गेलेल्या त्या वाक्याबद्दल, ज्यांनी ते उच्चारलं त्यांनी किंवा मंडळाच्या वतीने अध्यक्षांनी, रखवालदार दादांना भेटून दोन शब्द बोलावेत. याचा ठराव वगैरे करू नका. फक्त भेटा.

पुरासाठीचं वेगळं पावतीपुस्तक छापायला द्या. त्याचं पहिलं पान माझ्या नावाने फाडा.

३१ डिसेंबरपर्यंत लेखी उत्तराची वाट पाहते. उत्तर आलं नाही तर पावत्यांच्या प्रती घेऊन आम्ही काही देणगीदार धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार दाखल करू. अर्ज लिहून तयार आहे, आपल्या माहितीसाठी त्याची प्रत या पत्रासोबत सचिवांकडे दिली आहे. ती दाखल करायची वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, कारण त्यात जाणारे महिनेही त्या शिक्षिकेच्याच पगाराचे असतील.

आपली,
मंडळाची एक सभासद आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका
सोलापूर, नोव्हेंबर २०२५